साखरेचं चित्र आणि साखर

याच चाळीसगावात केकी मूस यांनी टेबलावर लहान वस्तू मांडून सपाट छायाचित्रात खोल देखावे उभे केले. एमिल फिशरनं 1891 साली याच्या उलट केलं. रेणूचं रबरी मॉडेल कागदावर चपटं केलं. खोली चित्रातून गेली, नियमात उरली: आडव्या रेघा आपल्याकडे, उभ्या मागे. म्हणून ग्लुकोजचं चित्र कागदावरच अर्धा फेरा फिरवा, चालतं. उचलून पालथं घाला, की आरशातलं भावंड होतं. आपण मात्र मुलांकडून डावं-उजवं घोकून घेतो, नियम सांगत नाही. मग नकाशाची नुसती नक्षी होते. आणि ते डावं-उजवं तरी फिशरनं गृहीतच धरलेलं. बायव्हूटच्या क्ष-किरणांनी 1951 मध्ये ते खरं ठरलं. तेव्हा आधी मुलांच्या हाती मातीचे गोळे आणि काड्या द्या, चित्र मग.