सामाजिक शास्त्रांतील संशोधन आणि मुक्त उपलब्धता : एक चिकित्सा

‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणजे पैसे भरून लेख छापून घेणे, अशी समजूत सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकवर्गात रूढ झालेली दिसते. तिला कारणही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना पदोन्नतीसाठी गुण दिले आणि शुल्क घेऊन घाईने लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली.

मूळ संकल्पना मात्र निराळी आहे. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने दोन मार्ग सुचविले होते : लेखकाने आपला लेख खुल्या संग्रहात ठेवावा, किंवा वाचकाकडून मोल न घेणाऱ्या नियतकालिकात तो प्रसिद्ध करावा. लेखकाने शुल्क भरलेच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती.

पहिला मार्ग आपल्या परिचयाचा आहे. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतात. परंतु त्याच प्रबंधावर बेतलेला निबंध महागड्या नियतकालिकात गेला की वाचकाला दार बंद होते. वस्तुतः अनेक प्रकाशक समीक्षणानंतर स्वीकारलेले हस्तलिखित, काही मुदतीनंतर का होईना, संग्रहात ठेवू देतात. आपण करारावर सही करतो. तो वाचत नाही.

२०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेचे स्वागतच आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके हा व्याप मोठा आहे. तथापि ती शासकीय संस्थांतील वाचनाची सोय आहे. शिरोळच्या ऊसतोड मजुरांविषयीचा निबंध तेथील कार्यकर्त्याच्या हाती त्यामुळे पडत नाही.

म्हणून लेखक आणि वाचक दोघांकडूनही शुल्क न घेणारे महाविद्यालयीन नियतकालिक हाच मराठीतील संशोधकाला सर्वांत जवळचा पर्याय वाटतो. ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. नियतकालिकाची पारख आता संस्थांनीच करावयाची आहे. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. मागील सर्व अंक खुले ठेवणे आणि समीक्षणाची पद्धत जाहीर करणे यांना फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो संपादक-समीक्षकांच्या वेळेचा, आणि ते तास अध्यापकाच्या साप्ताहिक कार्यभारात कोठेही धरले जात नाहीत.