गुणांक आणि गुणवत्ता : अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला अल्टिमेट संघांच्या मानांकनाची चिकित्सा

प्रास्ताविक :
एखाद्या संघाच्या संपूर्ण हंगामाचे मूल्य एका संख्येत मांडता येते काय, हा क्रीडा-अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला अल्टिमेट फ्रिस्बी संघांच्या संदर्भात केला आहे. प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत चकतीने खेळला जाणारा हा खेळ १९६८ मध्ये न्यू जर्सीतील एका शाळेत जन्माला आला. १९७२ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. महिलांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९८७ पासून भरू लागली.

पद्धतीचे स्वरूप :
‘यूएसए अल्टिमेट’ या संघटनेच्या पद्धतीत सर्व संघांचा आरंभीचा गुणांक १००० धरला जातो. प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकात विजेत्यासाठी काही गुण मिळवले जातात, तर पराभूतासाठी तेवढेच वजा केले जातात. अशा मूल्यांच्या सरासरीतून संघाचा गुणांक निघतो आणि आकडे स्थिरावेपर्यंत हीच आकडेमोड पुन्हा पुन्हा होते. अलीकडच्या सामन्यांना अधिक भार असतो. एका गुणाने मिळवलेल्या विजयाचे मूल्य १२५, तर कमाल मूल्य ६०० आहे. १५–७ आणि १५–० या दोन्ही विजयांना ६०० गुणच मिळतात. दुर्बल संघाला विनाकारण चिरडण्याचा मोह यामुळे आवरला जातो, हे या पद्धतीचे श्रेय होय. क्रिकेटमधील निव्वळ धावगती प्रतिस्पर्धी कोण हे पाहत नाही. येथे मात्र तोच विचार केंद्रस्थानी आहे.

त्यातून एक विलक्षण स्थिती उद्भवते. १५०० गुणांकाच्या संघाने १००० गुणांकाच्या संघाला १५–१० असे हरवले, तर विजेत्याच्या खात्यावर त्या सामन्याचे मूल्य सुमारे १४५४ जमा होते. म्हणजेच जिंकूनही त्याची सरासरी खाली येते, आणि हरलेल्या संघाची वर जाते. गणिताच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. परंतु ‘निकाल’ या शब्दाचा रूढ अर्थ येथे बदलतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मर्यादा :
कमाल मर्यादेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सरासरी ८०० गुणांकाच्या संघांशीच खेळणारा संघ सर्व सामने मोठ्या फरकाने जिंकला, तरी १४०० च्या पुढे जाऊ शकत नाही. त्यासाठी दूरच्या स्पर्धांत प्रबळ संघांना गाठावे लागते. अल्टिमेट हा एनसीएएचा अधिकृत खेळ नसल्याने हे संघ क्लब स्वरूपाचे असतात आणि प्रवासखर्चाचा मोठा भार बहुधा विद्यार्थिनींवरच पडतो. परिणामी गुणांकात कौशल्याबरोबर आर्थिक ऐपतही नकळत मोजली जाते.

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. अव्वल श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेतील २० जागांपैकी १० जागा दहा विभागांना प्रत्येकी एक याप्रमाणे मिळतात. उरलेल्या १० जागांचे वाटप मानांकनानुसार होते. मात्र अशी जागा संघाला नव्हे, तर त्याच्या विभागाला मिळते आणि ती विभागीय स्पर्धेत जिंकावी लागते. अंतिम शब्द मैदानाचा राहतो, ही तरतूद निश्चितच स्वागतार्ह आहे.

तथापि या खेळाचा गाभा संख्येबाहेरच उरतो. अल्टिमेटमध्ये नियमभंगाचा निर्णय प्रथमतः खेळाडू स्वतःच करतात. मोठ्या सामन्यांत निरीक्षक असले, तरी मूळ जबाबदारी खेळाडूंचीच असते. नियमांचे ज्ञान, शारीरिक संपर्क टाळणे, न्यायबुद्धी, आत्मसंयम आणि संवाद या निकषांवर संघ परस्परांना खिलाडूवृत्तीचे गुण देतात. पण मानांकनाच्या सूत्रात त्यांना स्थान नाही. ते समाविष्ट केल्यास जागेच्या लोभाने तेही दूषित होतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून या गुणांची सरमिसळ न करता दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी प्रसिद्ध करणे अधिक उचित ठरेल.

समारोप :
नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ‘प्लीएडीज’ या महिला संघाने २०२१, २०२२ व २०२३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. असे यश कोणत्याही सूत्राला दिसते. परंतु जवळच्याच स्पर्धांत खेळून, स्वतःविरुद्धचा निर्णय स्वतःच मान्य करणाऱ्या संघाचा हंगाम त्या सूत्राला अर्धाच दिसतो. मानांकन हे तुलनेचे उपयुक्त साधन आहे. त्याला गुणवत्तेचा पर्याय मानणे हा साधनाचा नव्हे, वाचणाऱ्याचा दोष होय. विद्यार्थ्यांना नित्य गुण देणाऱ्या अध्यापकवर्गाने तरी हा भेद विसरू नये.