‘सगुणा’: श्रद्धेची वाढ आणि तिची भाषा

मद्रासच्या ज्या वस्तीला आज जॉर्ज टाउन म्हणतात, तिचे जुने नाव ब्लॅक टाउन. पाचव्या जॉर्जच्या नावावरून तिला मिळालेले नवे नाव विसाव्या शतकातले. या वस्तीत अर्मेनियन स्ट्रीटवर जॉन अँडरसन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३७ साली एक शाळा काढली. पुढे ती एस्प्लनेडवर गेली, आणि विल्यम मिलर यांच्या कारकिर्दीत ती मद्रास ख्रिश्चन कॉलेज म्हणून नावारूपाला आली. १९३७ साली कॉलेजने आपला मुक्काम तांबरमला हलविला. अँडरसन यांच्या नावाचे चर्च मात्र हायकोर्टासमोर अजून उभे आहे. या कॉलेजच्या मासिकात १८८७-८८ या वर्षी एक दीर्घ कथा क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिचे नाव ‘सगुणा’. भाषा इंग्रजी, वाचक बहुतांशी दाक्षिणात्य पदवीधर, आणि कथा मात्र अहमदनगर-पुण्याकडच्या एका मराठी ब्राह्मण कुटुंबाने स्वीकारलेल्या नव्या धर्माची.

लेखिका कृपाबाई सत्यनाथन या १८६२ साली अहमदनगरला जन्मल्या. हरिपंत खिस्ती आणि राधाबाई यांची ही मुलगी. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ती १८७८ साली मद्रासला आली. प्रकृतीने दगा दिल्यामुळे ते शिक्षण अर्धवट राहिले. पुढे सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी विवाह होऊन ती एका तमिळभाषी ख्रिस्ती घराण्याची सून झाली आणि १८९४ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, वारली. दोन कादंबऱ्या आणि काही स्फुट लेखन एवढाच तिचा वाङ्मयीन संसार. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या इतिहासात तिचा उल्लेख अग्रक्रमाने होतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराला मात्र तिला कोणत्या दालनात बसवावे हे कळत नाही. भाषा पाहिली तर ती आपली नव्हे. अनुभव पाहिला तर दुसऱ्या कोणाची नव्हे.

‘सगुणा’ हे धर्मांतराचे पुस्तक आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. धर्मांतर ही एक घटना असते. तिला तारीख असते, साक्षीदार असतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात तिला बहुधा एखादा कोर्टकज्जा आणि घरचा आकांतही असे. श्रद्धेची वाढ ही घटना नव्हे. ती पाण्यासारखी मुरत जाते. कथेला घटना सोपी असते आणि मुरणे अवघड. म्हणूनच आपल्याकडच्या ख्रिस्ती कथनांची प्रवृत्ती बाप्तिस्म्यापाशी धाव घेऊन तेथे थांबण्याची आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विश्वास येतो तो वादविवादाच्या द्वारे. प्रश्न उपस्थित होतात, उत्तरे मिळतात आणि मन वळते. यमुनेच्या वाट्याला आलेल्या विधवांच्या कहाण्या आजही वाचकाला अस्वस्थ करतात. परंतु तिची स्वतःची श्रद्धा पहिल्या पानापासून जवळजवळ पिकलेलीच आहे. तिला वाढायला जागाच नाही.

पदमनजींना हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. ‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचा मार्ग सांगितला आहे, आणि तो सर्वस्वी वाचकाचा मार्ग आहे. परमहंस सभेतल्या मित्रांची संगत, शाळेतले बायबलचे पाठ, हाती पडलेली पुस्तके, मनात साचलेले आणि उघड बोलण्याचे धैर्य नसलेले निष्कर्ष, अशी ती वाटचाल. १८५४ साली बेळगावला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांचा अभ्यास तेथे संपला नाही. किंबहुना तेथून पुढेच तो खऱ्या अर्थाने सुरू झाला असे म्हणावे लागेल. ज्या माणसाने मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा संक्षेप सिद्ध केला आणि नव्या करारावर टीका लिहिली, त्याच्या दृष्टीने श्रद्धेत वाढणे म्हणजे शब्दांच्या अर्थात उतरणे हेच होते. कोशकार आणि भाष्यकार ही पदमनजींची दोन रूपे निरनिराळी मानण्याची चूक आपल्या इतिहासग्रंथांनी वारंवार केली आहे.

‘सगुणा’तला हरिचंद्र, म्हणजे कृपाबाईंच्या वडिलांचे कथारूप, हा याच जातीचा पुरुष आहे. विद्वान, कर्मनिष्ठ, पापपुण्याच्या प्रश्नाने पछाडलेला. त्याचे चित्र आदराने काढलेले आहे. कदाचित आदर जरा जास्तच आहे. लेखिका लहान असतानाच वडील वारले. आठवणीपेक्षा ऐकीव कथेतून उभा राहिलेला पिता हा नेहमीच थोडासा पुतळा होतो, तसे येथे झाले आहे. तथापि एक गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी. हरिपंतांचा बाप्तिस्मा १८३९च्या सुमाराचा. श्रीरामपूरच्या मिशनचा मराठी नवा करार १८११ सालचा, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ सालचा. मुंबईचे संपूर्ण मराठी बायबल हाती आले ते १८४७ साली. म्हणजे त्या पिढीच्या नवख्रिस्ती माणसाला आपला धर्मग्रंथ मराठीत अखंड असा सहजी मिळत नव्हता. तो भागाभागाने येत होता आणि अनुवाद करणारे मिशनरी व त्यांचे पंडित शब्दांशी अजून झगडतच होते. नव्या श्रद्धेचा अभ्यास आणि नव्या भाषेची घडण ही दोन कामे एकाच काळात, पुष्कळदा एकाच घरात, चालली होती. इंग्लंडमधल्या नवश्रद्धाळूला ही अडचण नव्हती; आणि तमिळभाषकालाही ती इतकी नव्हती, कारण तरंगमपाडीच्या डेन्मार्कप्रेषित मिशनने तमिळ नवा करार १७१५च्या सुमारासच छापून काढला होता. सत्यनाथनांच्या घरी सून म्हणून आलेल्या कृपाबाईंना हा शंभर वर्षांचा फरक जाणवला असेल काय? पुस्तक याविषयी मौन पाळते. पाळणारच, कारण ते इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

या पुस्तकाचा खरा प्राण राधा हा आहे. हरिचंद्राची ही अल्पवयीन पत्नी नवऱ्याच्या नव्या घरी येते ती स्वतःच्या मनाने नव्हे. तिच्या लेखी जे घडले आहे ते तारण नसून विटाळ आहे, आणि ज्याच्या आधाराने जगायचे तोच माणूस बाटला आहे. कृपाबाईंनी येथे केलेली निवड मोलाची आहे. राधेच्या भीतीला त्यांनी अज्ञान म्हणून निकालात काढलेले नाही. सासरची कामे, सासूचा धाक, पाणवठ्यावरची बोलणी, सणवारांचा आनंद हे सारे त्यांनी आधीच इतक्या ममतेने रंगविलेले आहे, की ते हातचे गेल्यावर राधेने काय गमावले याची वाचकाला पुरेपूर कल्पना असते. ख्रिस्ती लेखिकेने हिंदू घराचे चित्र एवढ्या जिव्हाळ्याने काढावे, याचे मद्रासच्या मासिकातल्या मिशनरी वाचकांना काहीसे आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. आणि त्या घरातला जाचही झाकलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र राहतात, म्हणूनच राधेचा बदल पटतो. तिला कोणी वादात जिंकत नाही. तिच्या बाबतीत वेळ काम करतो, आणि नवऱ्याच्या वागण्यातला धीर काम करतो. ग्रंथ तिच्यापर्यंत पोहोचतो तो आधी माणसाच्या रूपाने.

मराठी वाचकाला येथे ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. ना. वा. टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या तेव्हाही चूल वेगळी, सोवळे वेगळे. जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे हे त्यांना उमगले ते स्वतःच्याच विचाराने, आणि त्यानंतर १९००मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी स्वयंपाकघरातली भिंत पडली, मग बाप्तिस्मा. राधा आणि लक्ष्मीबाई यांच्यात साठ वर्षांचे अंतर आहे. परंतु दोघींच्या कथा एकच गोष्ट सुचवितात, की पुरुषाची श्रद्धा पानावर वाढली तेथे स्त्रीची चुलीपाशी वाढली. लक्ष्मीबाईंच्या हाती मात्र एक हत्यार होते, जे कृपाबाईंना मिळाले नाही: ज्या बोलीत हे सर्व घडले त्याच बोलीत त्या ते सांगत होत्या. आपल्या भित्रेपणावर, नवऱ्याच्या लहरींवर, स्वतःच्या सोवळ्याच्या तऱ्हांवर त्या हसू शकतात. ‘सगुणा’त हे हसणे क्वचितच आहे. सोवळ्याची गंमत इंग्रजीत आधी समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितलेली गंमत उरत नाही.

हा खुलाशांचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. राधा विहिरीवर जाते तर विहिरीवर बायका कशा जमतात याचे एक वाक्य; सासूने हुकूम सोडला तर हिंदू कुटुंबात सासूचे स्थान काय याचे आणखी एक. ‘सगुणा’ मराठीत आणू पाहणाऱ्याला ही वाक्ये पहिल्या प्रकरणापासूनच सतावतील. ती ठेवली तर मराठी वाचकाला स्वतःच्याच घराची माहिती परक्याने द्यावी तसे वाटेल. गाळली तर कथा सरसर वाहू लागेल. पण परप्रांतात, परभाषेत, ब्लॅक टाउनमधल्या एका मासिकासाठी आपल्या आईचे घर वाचकांना दाखवीत उभी असलेली लेखिका त्या गाळणीबरोबर नाहीशी होईल. ती ठेवावीत, हेच बरे. अवघडलेपणा हा या पुस्तकाचा दोष आहे खरा, पण तो त्याच्या सत्याचाही भाग आहे.

मासिकाचे स्वरूपही येथे विचारात घेतले पाहिजे. मिलर यांचे शिक्षणविषयक धोरण तडकाफडकी धर्मांतरे घडविण्याचे नव्हते. ख्रिस्ती विचार हिंदू समाजात हळूहळू पसरावा आणि त्याचे फळ कालांतराने यावे, असे त्यांचे मत होते. मिशनच्या वर्तुळात या मतावर पुष्कळ टीका झाली. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता मात्र या धोरणाने कृपाबाईंवर उपकारच केले. हिंदू पदवीधर वाचकासमोर उपदेश चालणारा नव्हता. राधेच्या कथेला जो संथपणा लाभला, त्याचे काही श्रेय या वाचकाला द्यावे लागेल.

सगुणेचा स्वतःचा प्रश्न आईबापांच्या प्रश्नाच्या अगदी उलट आहे. ती ख्रिस्ती घरातच जन्मली. तिला काही सोडायचे नाही, म्हणून काही मिळविल्याचा क्षणही नाही. वारशाने आलेली श्रद्धा आपली कशी करावी? भाऊ भास्कर तिला पुस्तकांची आणि डोंगरदऱ्यांची गोडी लावतो, आणि त्याच्या अकाली मृत्यूने तिच्या बालपणावर पडदा पडतो. हा भाग उत्कट आहे, परंतु त्यातली निसर्गवर्णने इंग्रजी काव्याच्या ओझ्याखाली वाकलेली आहेत. त्याहून कितीतरी खरा आहे तो पुढचा भाग, जेथे शहरात गोऱ्या मिशनरी बायकांच्या सहवासात या मुलीला कळते, की प्रार्थनेत बहीण म्हणविली जाणारी व्यक्ती दिवाणखान्यात बहीण नसते. तिचा अभिमान तेथे फणा काढतो. धार्मिक कथेत अभिमान हे पाप ठरते. येथे तो श्रद्धेच्या वाढीची अट ठरला आहे. ख्रिस्त आणि इंग्रज हे दोन वेगळे आहेत, हे जोवर या मुलीला दिसत नाही तोवर तिची श्रद्धा उसनीच राहणार होती. पंडिता रमाबाईंनाही हाच झगडा करावा लागला. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. त्या शोधाचा शेवट कशात झाला? हिब्रू आणि ग्रीक शिकून, संस्कृतप्रचुर शब्द टाळून, सामान्य बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरविण्यात. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या आणि ते बायबल १९२४ साली पुरे छापून झाले.

रमाबाईंना जी वाट सापडली ती कृपाबाईंना आयुष्याने दिली नाही. तरीही त्यांच्या पुस्तकात मराठी पुरती लोपलेली नाही. लेखिकेच्या नावात ‘कृपा’ आहे. नव्या करारातल्या एका अवघड ग्रीक कल्पनेसाठी मराठी अनुवादकांनी हाच शब्द घेतला, आणि तो त्यांना संतवाङ्मयात तयार मिळाला. नायिकेचे नाव तर ‘सगुणा’. हे बाईमाणसाचे साधे, रूढ नाव आहे, आणि त्यावर तत्त्वज्ञानाचा डोलारा रचणे धाडसाचे होईल. पण ज्या भाषेत सगुण-निर्गुणाचा विचार निरक्षर वारकऱ्याच्याही तोंडी असतो, त्या भाषेच्या वाचकाने देहधारी देवावर विश्वास ठेवणाऱ्या कुटुंबाच्या कथेवर हे नाव वाचून क्षणभर थबकू नये, अशी अपेक्षा कोणी करू नये. मद्रासच्या वाचकाला ते केवळ एक विशेषनाम होते.

पुस्तकरूपाने ‘सगुणा’ निघाली ती लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८९५ साली. पुढच्याच वर्षी तिच्या दोन्ही कादंबऱ्यांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध झाले. आणि नगरची राधा मद्रासच्या घराघरांतून तमिळ बोलू लागली.