तपशील आणि समग्र : एका सिद्धांताची चिकित्सा

ऑटिस्टिक व्यक्तींच्या दृश्य संवेदनाविषयी पाठ्यपुस्तकांत एक वाक्य हमखास भेटते : त्यांना तपशील दिसतो, समग्र चित्र दिसत नाही. परीक्षेत या वाक्याला गुण मिळतात. पण ते ज्या प्रयोगांवर उभे आहे, ते तपासले की वाक्याचा उत्तरार्ध डळमळू लागतो.

या वाक्यामागे ऊटा फ्रिथ यांचा ‘दुर्बल केंद्रीय सुसंगती’ सिद्धांत (1989) आहे. सुट्या माहितीतून एकसंध अर्थ जुळवण्याची जी ओढ सर्वसाधारणपणे माणसात असते, ती ऑटिझममध्ये क्षीण असते, असे त्याचे म्हणणे. मुख्य आधारांपैकी एक म्हणजे अमिता शाह आणि फ्रिथ यांचा 1983 चा अभ्यास. गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला साधा आकार शोधायचा होता. ऑटिस्टिक मुलांनी 25 पैकी सरासरी 21 आकार ओळखले. समान मानसिक वयाच्या इतर मुलांची सरासरी 15 किंवा त्याहून कमी होती.

येथे थोडे थांबू या. जास्त गुण मिळवणाऱ्या गटात काहीतरी ‘दुर्बल’ आहे, हा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही. तो आधीच गृहीत धरलेला होता.

1993 मध्ये याच दोघींनी ठोकळ्यांच्या रचनेची चाचणी वापरली (भाटिया बॅटरीमुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ती परिचित असेल). नमुना अखंड दाखवला तेव्हा ऑटिस्टिक सहभागी सरस ठरले. तोच नमुना तुकडे सुटे करून दाखवल्यावर इतरांची कामगिरी सुधारली आणि फरक जवळजवळ मिटला. म्हणजे अखंड आकृती मनात फोडणे इतरांना जड जात होते. अडचण कोणाची, हे कोणते काम दिले आहे त्यावर ठरते.

पण आकृती सहज फोडता येणे म्हणजे ती अखंड न दिसणे नव्हे. समजा, लहान ‘र’ मांडून मोठा ‘ग’ काढला आहे. अशा अक्षरांवर प्लेस्टेड आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये केलेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. ‘मोठ्या अक्षराकडे पाहा’ असे सांगितल्यावर ऑटिस्टिक मुलांनाही ते इतरांसारखेच ठळक दिसले. कोणत्या पातळीवर पाहायचे हे न सांगता शोध घ्यायला लावले, तेव्हा मात्र मोठे अक्षर ओळखण्यात त्यांच्या चुका वाढल्या. क्षमता तीच, सूचना बदलली. फरक आपोआप लक्ष कुठे जाते याचा होता.

फ्रिथ यांना न्याय द्यायचा तर, ऑटिझममधील उणिवांबरोबर कौशल्येही समजावणारी मांडणी त्यांनी केली. आणि 2006 मध्ये हॅपे व फ्रिथ यांनी स्वतःच तिला उणिवेऐवजी विचारशैली म्हटले. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या मोत्रों यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले : तपशिलाचे संवेदन येथे मुळातच अधिक सक्षम असते आणि समग्र पाहणे सक्तीचे नसून ऐच्छिक असते. त्यांच्या सहलेखिका मिशेल डॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. पाठ्यपुस्तके मात्र बहुधा 1989 मध्येच अडकली आहेत.

तरी मोत्रों यांची मांडणीही जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. 2015 मध्ये व्हॅन डर हॅलेन आणि सहकाऱ्यांनी 56 शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात तपशिलातील सरसता सर्वसाधारणपणे दिसली नाही आणि समग्र पाहण्यातील उणीवही दिसली नाही. जे उरले ते असे : समग्र रूप पकडायला ऑटिस्टिक व्यक्तींना अधिक वेळ लागतो, विशेषतः तपशील आणि समग्र रूप परस्परविरोधी असतील तेव्हा.

या निष्कर्षाचा व्यवहारात मोठा परिणाम होतो. ‘नकाशा समजत नाही’ असा शेरा मारलेल्या मुलासमोर तो नकाशा किती सेकंद धरला होता, हे शेऱ्यात कुठेच लिहिलेले नसते. अर्थात हे विश्लेषण सरासरीचे आहे, आणि लपलेले आकार, ठोकळे, अक्षरे या चाचण्या एकच गोष्ट मोजतात का, हा प्रश्न त्यानेही सुटलेला नाही.