राणीच्या बागेंतील विनोद

मुंबईस नातलगांकडे उतरलेलें कुटुंब आणि १८६२ सालीं खुली झालेली भायखळ्याची राणीची बाग, हा विषय विनोदी लेखनास नवा नाहीं. परंतु बहुधा हंसें होतें तें पाहुण्यांच्या अजाणतेपणाचेंच. आत्याबाईंनीं पाणघोड्यास म्हैस म्हटलें, कीं लेखक कृतार्थ! वस्तुतः अशा प्रसंगीं खरा हास्यास्पद असतो यजमान. पिंजऱ्यावरील पाटी चोरून वाचून विद्वत्ता मिरविणारा आणि मनांत परतीच्या भाड्याचा हिशेब करणारा. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचें मोठेपण हेंच, कीं तो आपली फजिती आपणच सांगतो. ज्या आत्याबाईंनीं आपणांस अंगाखांद्यावर खेळविलें, त्यांची थट्टा करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम स्वतः हास्यास्पद होण्याचें धैर्य दाखवावें.