पेटी मधोमध कधी बसणार?

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्याची मैफल असली की बैठक ठरलेली असते. मधोमध गायक, मागे तंबोरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. गायक श्वासाला थांबतो, तेवढ्यात पेटीवाला त्याची जागा अलगद उचलून दाखवतो, सभागृहातून ‘वा!’ येते आणि गाणे पुढे सरकते. त्या दोन क्षणांत जे कानावर पडते, ते तासभर सलग ऐकायला मिळावे असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे. आमच्या शहरात भजनी मंडळे गल्लोगल्ली आहेत आणि पेटीवाचून एकाचेही चालत नाही. पण केवळ पेटी ऐकायची म्हणून माणसे जमत नाहीत.

पियानोवरही एके काळी ही वेळ होती. पियानोवादक बहुधा गायक आणि वाद्यवृंद यांच्याबरोबरच्या मिश्र कार्यक्रमांत वाजवीत. 1840 साली फ्रान्झ लिस्टने लंडनमध्ये आपल्या वादनाला ‘रिसायटल’ हे नाव दिले. एकट्या वादकाने अख्खी मैफल पेलायची, हा पायंडा त्याच काळात पडला आणि पियानोवादकाचे आयुष्यच पालटले. पुढे दोनच वर्षांनी, 1842 मध्ये, पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट निघाले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या वादकांची सोय झाली. दोन्ही वाद्यांच्या पट्ट्या एकाच जातीच्या, पण एकाला मैफल मिळाली आणि दुसऱ्याला साथ.

पेटीवरचे आक्षेप जुने आहेत. तिचे बारा सूर बांधलेले, त्यांत श्रुती नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला येत नाही. याच कारणांनी 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने तिला दार बंद केले. सत्तरच्या दशकात साथीपुरते ते उघडले, एकल वादन मात्र पुढेही बराच काळ बाहेरच राहिले. पहिल्या आक्षेपाला उत्तर शोधणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. 1910 साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांचा आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याचा ध्यास श्रुती-हार्मोनियमपर्यंत पोहोचला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. हे काम मोलाचे आहे. तरीही मींड उरतेच.

इथे पियानोकडे पुन्हा पाहावे. पियानोचा सूर हातोडी पडताक्षणी विरू लागतो. तो धरून ठेवता येत नाही, वाढवता येत नाही, घसरवता तर मुळीच येत नाही. तरी शोपँची रचना उत्तम हातात पडली की पियानो गातो. एक सूर पुरता मावळण्याआधी दुसरा त्यात मिसळायचा, पेडलने त्यांची झाक सांभाळायची, बाकीचे ऐकणाऱ्याच्या मनात जुळते. पेटीची मींडही अशीच मनात जुळते. एक पट्टी सुटता सुटता दुसरी दाबली जाते, मधे कणाचा स्पर्श होतो आणि नेमक्या त्या क्षणी भाता किंचित हलका होतो. शिवाय धरलेला सूर फुगवण्याची, ओसरवण्याची ताकद पेटीच्या भात्यात आहे. ती पियानोकडे नाही. म्हणून मी म्हणतो, मींड नसणे ही पेटीची लाज नव्हे. तिची कला तिथूनच सुरू होते.

हे गोविंदराव टेंब्यांनी ओळखले होते. भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या, ‘मानापमान’ला चाली देणाऱ्या या कलावंताने एकल पेटीला प्रतिष्ठा दिली. पुढे पी. मधुकर आले आणि त्यांचे शिष्य, गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर. बोरकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली. बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी शिष्यांची पिढी घडवली. मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाच्या तारा जोडून ‘संवादिनी’ हे नाव रूढ केले. त्या तारांचा झंकार सुखावतो. पण माझ्या मते पेटीचे खरे बळ तारांत नाही, भात्यातच आहे.

आजच्या तरुण वादकांची बोटे थक्क करतात. इतकी तयारी पूर्वी क्वचितच दिसली असेल. उणीव आहे ती विलंबिताची. अर्ध्या तासाची वेळ मिळते, म्हणून दहा मिनिटांत आलाप उरकून द्रुत गाठायचे आणि टाळ्यांवर संपवायचे, ही सवय वाढते आहे. दोष एकट्या वादकाचा नाही. ज्याला कधी पूर्ण मैफल मिळत नाही, त्याला राग सावकाश उलगडायचा धीर तरी कुठून येणार? दुसरी उणीव रचनांची. पेटी अजून ख्याल, ठुमरी, नाट्यपद उसने घेऊन वाजवते. पियानोसाठी पियानोवाल्यांनीच लिहिले. पेटीच्या भात्यातून, तिच्या पट्ट्यांतून सुचलेल्या गती आपल्याकडे फार थोड्या आहेत.

सोलापूरसारख्या शहराला इथे करता येण्याजोगे पुष्कळ आहे. घरोघर पेटी आहे, म्हणजे जाणता कान अर्धा तयारच आहे. वर्षातून एक मैफल अशी करावी, जिथे पेटी मधोमध बसेल आणि वादकाला एकाच रागासाठी दीड तास मिळेल. पहिला सूर भरून येईल, हळूहळू ओसरेल आणि पुढच्या सुराची घाई कुणालाच नसेल. हुतात्मा स्मृती मंदिरात मला त्या सुराची वाट पाहायची आहे.