पुतळा उभा राहिला, अनुवादकाचं काय?

फर्दापुरात व्याख्यान आणि विषय रशियाचा, याचं काहींना नवल वाटेल. पण थोडं थांबा, हा विषय आपल्या तिठ्यापर्यंत येतो.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोच्या रुडोमिनो विदेशी साहित्य ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. अण्णाभाऊ १९६१ साली सोव्हिएत संघात गेले होते आणि परतल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. तेव्हा हा सन्मान योग्यच आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे.

सोव्हिएत काळात ‘प्रगती’, ‘रादुगा’ यांसारख्या मॉस्कोच्या प्रकाशनसंस्था मराठीतून पुस्तकं काढत. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत ती आपल्याकडे यायची, तीही अगदी स्वस्तात. त्यात प्रचार होता का? होता. काय छापायचं ते तिकडचं सरकार ठरवी आणि तोटाही तेच सोसे. पण त्या व्यवस्थेत अनुवाद हे कुणाचं तरी रोजचं, पगारी काम होतं.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि हा ओघ आटला. प्रचार गेला, बरं झालं. पण त्याबरोबर अनुवादकही गेला. बाजार ती जागा भरणार नव्हता, कारण रशियन-मराठी अनुवादात नफा नाही. आणि आपणही ती भरली नाही. म्हणून साम्यवादोत्तर काळातल्या या सहकार्यात समारंभ ठळक दिसतो, काम पुसट.

दोष फक्त राजवट कोसळण्याचा आहे का? आता आपल्या तिठ्याकडे पाहा. जपानच्या कर्जातून इथं अभ्यागत केंद्र उभं राहिलं, अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती झाल्या. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. इथं तर कुठलीच राजवट कोसळली नव्हती! उभारणीला पाहुणा होता, रोजच्या खर्चाला घरचा धनी नव्हता, एवढंच.

देणगी आणि सहकार्य यांत फरक आहे तो हाच. देणारा निघून गेल्यावरही घेणारा जे चालू ठेवतो, ते सहकार्य. म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही देशाशी सांस्कृतिक करार झाला, तर अनावरणाची तारीख नंतर विचारा. आधी विचारा, अनुवादकाचा दहा वर्षांचा पगार कोण देणार?